घरी लावलेला सूर मैदानावर का बिघडतो?



कार्यक्रमाला येणाऱ्या तबलजीच्या पिशवीत एक छोटी हातोडी असते, हे तुम्ही पाहिले असेल. घरून निघताना त्याने तबला लावलेलाच असतो. तरीही रंगमंचावर बसल्यावर तो पुन्हा गजऱ्यावर आणि गठ्ठ्यांवर ठोके देतो, कान वाकडा करून ऐकतो आणि सूर जुळला की मगच हातोडी खाली ठेवतो. ‘घरी लावून आला नाहीत का?’ असे त्याला कोणी विचारत नाही. हवेतील ओलावा बदलला की चामड्याचा ताण बदलतो आणि ताण बदलला की सूर बदलतो, हे सर्वांना ठाऊक असते.

मग विजेवर चालणारे वाद्य घेऊन येणारी मुले घरी लावलेला आवाज जसाच्या तसा मैदानावर का वाजवतात? त्यांनाही हातोडी हवी. ती लाकडाची वा लोखंडाची नसून भौतिकशास्त्राची आहे, आणि ती तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातच पडून आहे, असे माझे मत आहे. ते कसे बनले, ते आधी सांगतो.

दौंड तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभ हे गाव आहे. बाहेरच्यांना ते तेथील रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असते, आणि आसपासच्या गावांना फिरंगाई मातेमुळे. नवरात्रात तेथे एका मंडळाचा गाण्यांचा कार्यक्रम होता. माझा अकरावीतला पुतण्या त्यात गिटार वाजवणार होता. त्याच्याजवळ ‘मॉडेलर’ नावाचा एक डिजिटल डबा आहे. पायाने बटण दाबले की गिटारचा आवाज कधी घुमारेदार होतो, कधी धारदार, तर कधी एखाद्या मोठ्या देवळात वाजल्यासारखा. महिनाभर रात्री जागून त्याने त्या डब्यातून एक आवाज तयार केला होता. मी तो खोलीत बसून ऐकला आणि पाठ थोपटून म्हणालो, “वा! अगदी तबकडीवरच्यासारखा.”

मैदानावर पहिल्याच गाण्यात सगळे फसले. खालचे स्वर एकमेकांत कालवल्यासारखे झाले. वरचे स्वर माशा घोंघावल्यासारखे कानात शिरू लागले. मधला, म्हणजे ज्यात चाल ओळखू यावी असा आवाज कोठे ऐकूच येईना. मागून कोणी ओरडले, “गिटारचा आवाज वाढव!” आवाज वाढला. आता घोंघावणेही वाढले. पुढच्या रांगेतले एक आजोबा कानांवर हात ठेवून उठले आणि मांडवाबाहेर जाऊन बसले. मुलगा मात्र रंगमंचावरून आणखी ‘ट्रेबल’ वाढवत राहिला, कारण त्याच्या जागी त्याला तोच कमी ऐकू येत होता.

परत येताना तो रडवेला झाला होता. “काका, घरी तर असा नव्हता हो वाजत!” एवढेच तो म्हणाला.

खरे होते त्याचे. डब्यात बिघाड नव्हता, साउंडवाल्याचीही चूक नव्हती. चूक आमची होती. त्यातही अधिक माझी, कारण ध्वनीची प्रकरणे वर्षानुवर्षे शिकवणारा मी, खोलीत ऐकलेला आवाज मैदानावर तसाच पोहोचेल असे धरून चाललो होतो.

डब्यात काय असते?

विद्युत-गिटारच्या तारा पोलादी असतात. त्यांच्याखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यातील चुंबकीय प्रवाह बदलतो आणि त्यात क्षीण विद्युत-विभव निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा क्षीण संदेश पूर्वी निर्वात नळ्यांच्या वर्धकात जाई. वर्धकावर जास्त भार दिला की तो तरंगाचे माथे चपटे करी, त्यामुळे मूळ स्वरात नवे संनादी स्वर मिसळत आणि आवाजाला एक खास रंग येई. पुढे बहुधा तीस सेंटिमीटर व्यासाचा, कागदी शंकूचा स्पीकर असे. हा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचा भाग फारसा बाहेर टाकत नाही. म्हणजे गिटारचा जो आवाज आपल्याला ‘गोड’ वाटतो, त्यात त्या स्पीकरने वगळलेल्या भागाचाही वाटा आहे.

मॉडेलर हे सर्व गणिताने करतो. तो संदेशाची उंची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजतो. माणसाच्या ऐकण्याची वरची मर्यादा सुमारे २०,००० हर्ट्झ आहे, आणि एखादा तरंग अचूक नोंदवायचा तर त्याच्या वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजावे लागते, म्हणून हे आकडे. मग या अंकांवर गणिती क्रिया करून डबा जुन्या वर्धकाची, स्पीकरची, अगदी मोठ्या दालनातील निनादाचीही नक्कल करतो. रोलँड कंपनीचे व्हीजी-८ हे यंत्र १९९५ साली आले आणि लाइन ६ कंपनीचा पॉड हा छोटा डबा १९९८ साली. तेव्हापासून ही विद्या स्वस्त होत होत आता खेड्यातल्या मुलाच्या दप्तरात येऊन बसली आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

परंतु ध्यानात घ्या, डब्याला वर्धक ठाऊक आहे, स्पीकर ठाऊक आहे. तुमचे मैदान, समोरची माणसे आणि त्या माणसांचे कान त्याला ठाऊक नाहीत. ती जोडणी तुम्हीच करायची असते.

आमची पहिली चूक येथेच झाली. घरी पुतण्या डब्याची तार गिटारच्या छोट्या वर्धकाला जोडत असे. त्या वर्धकाला स्वतःचा स्पीकर होता, म्हणून डब्यातली स्पीकरची नक्कल त्याने बंद ठेवली होती. घरी ते योग्यच होते. मैदानावर मात्र तार थेट मिक्सरला गेली आणि मोठ्या स्पीकरांनी ५,००० हर्ट्झच्या वरचा सगळा कचराही प्रामाणिकपणे बाहेर टाकला. माशांचे घोंघावणे ते हे. एक बटण दाबले असते तर आजोबांना उठावे लागले नसते.

पहिले कारण : आपला कान

पण खालचा गोंधळ त्या बटणाने मिटला नसता. त्याचे कारण आपल्या कानात आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. आपला कान सर्व वारंवारतांना सारखा न्याय देत नाही, आणि हा पक्षपात आवाजाच्या पातळीनुसार बदलतो. आज आंतरराष्ट्रीय मानकात याचे आलेख मिळतात. त्यांतील दोन आकडे पाहा. १,००० हर्ट्झचा स्वर ६० डेसिबेलवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच १०० हर्ट्झचा स्वर मोठा वाटण्यासाठी सुमारे ७९ डेसिबेल लागतात, म्हणजे १९ डेसिबेल जास्त. आता १,००० हर्ट्झचा स्वर ९० डेसिबेलवर न्या. आता १०० हर्ट्झला सुमारे ९९ डेसिबेल पुरतात, म्हणजे फक्त ९ डेसिबेल जास्त.

याचा अर्थ काय? रात्री घरातली माणसे झोपल्यावर हळू आवाजात तुम्ही सूर लावता. खालचा भाग कानाला कमी पडतो, म्हणून ‘बेस’चे बटण पुढे सरकवता. तोच आवाज मैदानावर ३० डेसिबेलने वाढला की खालच्या भागातली ती तूट दहा डेसिबेलने आपोआप भरून निघते, आणि तुम्ही घातलेली भर मात्र शिल्लक राहते. दहा डेसिबेल म्हणजे कानाला सुमारे दुप्पट मोठा आवाज. हळू आवाजात चाखून घातलेले मीठ मोठ्या आवाजात खारट लागते ते असे.

कानाचा दुसरा पक्षपात तुम्ही स्वतः गणिताने काढू शकता. बाहेरच्या कानापासून पडद्यापर्यंतची नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते आणि एका टोकाला बंद असते. बंद नळीत अनुस्पंदन होते तेव्हा नळीची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असते. म्हणून तरंगलांबी १० सेंटिमीटर, आणि ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर वारंवारता ३,४०० हर्ट्झ. या पट्ट्याजवळ आपला कान सर्वांत तिखट असतो. लहान मुलाच्या रडण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही, त्याचे एक कारण हेही आहे. गिटारचा ‘ट्रेबल’ वाढवताना आपण नेमके या दुखऱ्या जागेवर बोट ठेवत असतो.

दुसरे कारण : ध्वनीची दिशा

तरंग आपल्या लांबीपेक्षा लहान अडथळ्याला सहज वळसा घालतो, मोठ्या अडथळ्याला नाही. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ मीटर, म्हणून तो स्पीकरच्या पेटीच्या मागेपुढे सगळीकडे पसरतो. ३,४०० हर्ट्झची तरंगलांबी अवघी १० सेंटिमीटर, म्हणून तो विजेरीच्या झोतासारखा कर्ण्याच्या तोंडासमोर सरळ जातो.

आता वादकाची जागा आठवा. तो स्पीकरच्या मागे किंवा बाजूला उभा असतो. त्याच्यापर्यंत खालचे स्वर पोहोचतात, वरचे पोहोचत नाहीत. त्याला वाटते, आवाज दबका आहे. तो ‘ट्रेबल’ वाढवतो. त्याच वेळी तो झोत पहिल्या रांगेतल्या माणसांच्या कानात शिरत असतो. कुरकुंभला नेमके हेच घडले. वादकाची जागा ही सूर पारखण्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे, हे वाक्य मला माझ्या वर्गाच्या फळ्यावर कायमचे लिहून ठेवावेसे वाटते.

तिसरे कारण : जागा आणि माणसे

घरी गाद्या-उशांनी भरलेली खोली ध्वनी शोषून घेते. आवाज कोरडा वाटतो, म्हणून मुले डब्यातून ‘रिव्हर्ब’ म्हणजे निनाद घालतात. पण पत्र्याच्या छपराच्या सभागृहात निनाद आधीच भरपूर असतो. त्यात डब्यातला निनाद घातला की शब्द आणि स्वर दोन्ही विरघळून जातात.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ पासून या प्रश्नाचा छडा लावला. तेथील एका व्याख्यानगृहात शब्द कळतच नसत. सॅबाइनने दुसऱ्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या, ध्वनी विरायला किती वेळ लागतो ते मोजले आणि एक सोपे सूत्र दिले. निनादकाल (सेकंदात) = ०.१६ × घनफळ ÷ शोषण. शोषण ‘इतके चौरस मीटर उघडी खिडकी’ अशा मापाने मोजतात, कारण उघड्या खिडकीतून गेलेला ध्वनी परत येत नाही.

समजा, तुमच्या शाळेचे सभागृह २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. घनफळ १,००० घनमीटर. रिकाम्या सभागृहाचे शोषण ५० चौरस मीटर धरू. निनादकाल होतो ३.२ सेकंद. आता आत दोनशे मुले बसली. प्रत्येकाचे शोषण ढोबळमानाने ०.४ चौरस मीटर धरले तर ८० चौरस मीटरची भर पडली. एकूण १३०, आणि निनादकाल सुमारे १.२ सेकंद! मुलांनी नुसते येऊन बसायचे, की सभागृह बदलते. शिवाय कपडे आणि शरीरे वरचे स्वर जास्त शोषतात, खालचे कमी. म्हणून रिकाम्या सभागृहात दुपारी लावलेला सूर संध्याकाळी पुन्हा तपासावाच लागतो.

मोकळ्या मैदानाची गोष्ट वेगळी. तेथे निनाद जवळजवळ नसतो, पण समोर पन्नास मीटरवर एखादी दुमजली इमारत असेल तर ध्वनी जाऊन येण्यास शंभर मीटर चालतो आणि सुमारे ०.३ सेकंदाने परत येतो. एक दशांश सेकंदापेक्षा जास्त अंतर पडले की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येतो, हे तुम्ही शिकला आहातच. अशा वेळी स्पीकर थोडे खाली, माणसांकडे झुकवणे हा साधा उपाय आहे. ध्वनी भिंतीऐवजी माणसांवर पडतो.

चौथे कारण : सोबतीची वाद्ये

आमच्या चौफुल्याच्या लोककला केंद्रांत ढोलकी, तबला आणि पेटी एकत्र वाजतात, पण एकमेकांना झाकत नाहीत. ढोलकीची धूम खाली, पेटी मध्ये, गाणारीचा आवाज आणि चाळ वर. प्रत्येकाचे आपले शेत आहे आणि मध्ये बांध आहे.

घरी एकट्याने वाजवणारा मुलगा मात्र सगळी जमीन एकटाच नांगरतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. त्याच पट्ट्यात ढोलकीचा डावा, की-बोर्डचा डावा हात आणि बेस गिटार असतात. तेथे गिटारचे काही चालत नाही, फक्त चिखल होतो. उलट ५०० ते २,००० हर्ट्झचा मधला पट्टा हे गिटारचे खरे घर. पण एकट्याने ऐकताना हा मधला भाग कमी केला की आवाज भारदस्त वाटतो, म्हणून मुले तोच कापतात. परिणाम असा, की ज्या शेतात पीक येणार होते तेच ओसाड आणि दुसऱ्याच्या शेतात घुसखोरी!

मग करावे काय?

कुरकुंभच्या फजितीनंतर आम्ही दोघांनी एक पद्धत ठरवली. ती तुम्ही कोणत्याही विजेच्या वाद्याला, अगदी बेंजो पार्टीच्या बेंजोलाही लावू शकता. (हा बेंजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. मुंबई-कोकणात तो गणपतीच्या मिरवणुकीत रमला.)

एक. कार्यक्रमाच्या जागी तासभर आधी जा. तार कोठे जाणार आहे ते विचारा. थेट मिक्सरला जात असेल तर डब्यातली स्पीकरची नक्कल चालू करा, गिटारच्या वर्धकाला जात असेल तर बंद ठेवा.

दोन. पुष्कळ डब्यांत वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवण्याची सोय असते. दहा सेकंदांचा तुकडा भरा, तो फिरत ठेवा आणि रंगमंचावरून खाली उतरा. सोय नसेल तर मित्राला वाजवायला सांगा. पहिली रांग, मधली रांग, शेवटची रांग अशा तीन ठिकाणी उभे राहून ऐका.

तीन. आवाज कार्यक्रमात असेल तेवढाच ठेवून ऐका. हळू आवाजात केलेली पारख निरुपयोगी, हे फ्लेचर-मन्सन यांनी सांगितलेच आहे.

चार. आधी कमी करा, मग वाढवा. सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. सहा-सात हजार हर्ट्झच्या वरचा भाग कापा. निनाद घरच्या निम्म्यावर आणा. एवढे करूनही गिटार दिसत नसेल, तरच मधला पट्टा थोडा उचला.

पाच. सर्व वाद्ये एकत्र वाजवून पाहा. एकट्या गिटारचा आवाज आता तुम्हाला किरकोळ, बोडका वाटेल. वाटू द्या. समूहात तोच उठून दिसतो.

सहा. सर्व आकडे वहीत लिहा आणि तो आवाज डब्यात जागेच्या नावाने वेगळा साठवा. माणसे येऊन बसल्यावर पहिल्या गाण्यात एका मित्राला मधल्या रांगेत बसवा आणि त्याच्या हातवाऱ्यांवर विश्वास ठेवा, स्वतःच्या कानांवर नव्हे.

आवाज वाढवणे हे उत्तर नव्हे

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ‘ऐकू येत नाही’ याला आपल्याकडे एकच उत्तर दिले जाते, ‘आवाज वाढव’. ते विज्ञानाच्या कसोटीवर उतरत नाही. कानाला दुप्पट मोठा वाटावा म्हणून दहा डेसिबेल वाढवायचे तर दहापट शक्ती लागते. शंभर वॉटच्या जागी हजार वॉट. आणि एवढे करून चिखलही दहापटच होतो. उलट नको असलेला खालचा भाग कापायला एक पैसाही लागत नाही.

यात गमवायचे आहे ते केवळ संगीत नाही. आपल्या प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या माराने त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेलचा आवाज दिवसात आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबेलला ही मुदत निम्मी होते. हिशेब करून पाहा. १०० डेसिबेलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी दिलेल्या मानकातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबेलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे. आपल्या देशात २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा, आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई. ठरावीक सणांच्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण घड्याळात सवलत मिळाली म्हणून केशपेशींना सवलत मिळत नाही.

माझ्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. काही कलावंत मित्र म्हणतात, “संगीत आकड्यांनी होत नाही.” मान्य आहे. कोणता सूर सुंदर हे आकडे सांगत नाहीत. तो सूर शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोहोचतो की नाही, एवढेच ते सांगतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्याबरोबर आपल्या चर्मवाद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि शाईच्या लेपामुळे साध्या चामड्यातून संनादी स्वर कसे निघतात ते दाखवले. त्याने तबल्याची गोडी कमी झाली नाही. शाई लावणाऱ्या कारागिरांच्या बुद्धीबद्दलचा आदर मात्र वाढला.

दुसरा आक्षेप असा, की “हे साउंडवाल्याचे काम, मुलांनी कशाला डोके घालावे?” साउंडवाल्यासमोर दहा-बारा तारा असतात. तुमच्या डब्यातून चिखल आला तर तो तुमचा आवाज कमी-जास्त करू शकेल, चिखलातले तांदूळ वेचून देऊ शकणार नाही. ज्याने सूर बनवला त्यानेच तो जागेला लावायचा, हा तबलजीचा नियम येथेही खरा.

शिक्षकांना एक विनंती

शिक्षक बंधु-भगिनींनो, दरवर्षी आपल्या शाळेत स्नेहसंमेलन होते. ध्वनियंत्रणा भाड्याने येते, आणि आपण तिच्याकडे खुर्च्या-गालिच्याप्रमाणे पाहतो. यंदा नववी-दहावीच्या पाच-सहा मुलामुलींचे एक ‘ध्वनिपथक’ नेमा. त्यांनी सभागृह मोजावे, रिकामे असताना टाळी वाजवून निनाद किती वेळ टिकतो ते पाहावे, मुले बसल्यावर पुन्हा पाहावे. मोबाइलवर डेसिबेल दाखवणारी साधने फुकट मिळतात. त्यांचा आकडा अगदी अचूक नसतो, परंतु पहिल्या आणि शेवटच्या रांगेतला फरक कळण्यास तो पुरतो. प्रत्येक गाण्यापूर्वी मधल्या रांगेतून ऐकून साउंडवाल्या दादांना नम्रपणे सांगण्याचा अधिकार या पथकाला द्यावा. तरंगलांबी, अनुस्पंदन, प्रतिध्वनी, निनाद ही चार प्रकरणे एका संध्याकाळी शिकवून होतील, आणि तीही कोणाच्या कानाला इजा न होता.

आमची गोष्ट पुरी करतो. जानेवारीत पुतण्याचा पुन्हा एका शाळेत कार्यक्रम होता, पत्र्याच्या छपराच्या सभागृहात. तो तासभर आधी गेला. तुकडा फिरत ठेवून तिन्ही रांगांत उभा राहिला आणि वहीत लिहीत गेला. मुले येऊन बसल्यावर पहिले गाणे झाले, मी मधल्या रांगेतून हात थोडा खाली केला आणि त्याने निनाद आणखी कमी केला. गिटार मोठी नव्हती. ती स्पष्ट होती, आणि गाणाऱ्या मुलीचा शब्द न् शब्द कळत होता. त्या संध्याकाळी ‘आवाज वाढव’ असे कोणी ओरडले नाही.

घरी आल्यावर त्याने वहीत सभागृहाचे नाव लिहून खाली रेघ मारली. वरच्या पानावर ‘कुरकुंभ, नवरात्र’ असे लिहिले होते आणि त्यापुढची जागा कोरी होती. “पुढच्या नवरात्रात भरू,” तो म्हणाला.

तुमच्याही वहीत असे एखादे कोरे पान असू द्या.